शॅग म्हणजे झिपऱ्याच

कोकणे चौकातल्या सलूनमध्ये ‘लाँग शॅग’ म्हटलं की केस कापणारा कारागीर लगेच मान डोलावतो. तोच अवतार घेऊन घरी गेलं की आजी म्हणणार, ‘अगं, झिंज्या आवर आधी!’ आजीचं चुकत नाही. जुन्या इंग्रजीत ‘शॅग’ या शब्दाचा अर्थ राठ, गुंतलेले केस किंवा लोकर. म्हणजे आपल्या झिपऱ्याच. अरुण साधूंच्या कादंबरीतल्या बूटपॉलिशवाल्या पोराचं नावही तेच, झिपऱ्या. या हिणवणुकीची फॅशन झाली १९७१च्या ‘क्लूट’ या सिनेमामुळे. त्यातली अभिनेत्री जेन फोंडा हिचे केस केशरचनाकार पॉल मॅकग्रेगरने कापले होते.

वर आखूड, खाली लांब थर, एवढीच शॅगची रचना. सरळ, पातळ केसांत थर बेताचेच घ्यावेत, नाहीतर टोकं विरळ पडतात. लाटदार केस मुठीत चुरगाळून वाळवले तरी भागतं. कसोटी लागते ती कुरळ्यांची. ओली बट ताणलेली असते. वाळली की आखडते आणि भुवईपर्यंत कापलेली थेट कपाळावर चढते. म्हणून कुरळे केस कोरडेच कापून घ्या, आणि वाळल्यावर त्यांना कंगवा लावू नका.