फॉइन्स येथील कॉफी

विमान सुटण्यापूर्वीं घाईघाईनें घेतलेली कॉफी व तिच्याबरोबरचे दोन घांस हा आज प्रवासाचा इतका सामान्य भाग होऊन बसला आहे कीं, त्याला कांहीं इतिहास असेल अशी शंकाहि कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु या क्षुल्लक उपचाराच्या पोटीं एका लहान राष्ट्राच्या आतिथ्याची कथा दडलेली आहे. तीच येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आयर्लंडच्या पश्चिमेस, शॅनन नदीच्या दक्षिण तीरावर, फॉइन्स नांवाचें एक लहानसें गांव आहे. १९३७ सालीं येथून अटलांटिकपार उड्डाणांचे प्रयोग झाले व १९३९ सालीं उतारूंची वाहतूक सुरू झाली. तीं विमानें पाण्यावर उतरत. उतारूंस होडीनें किनाऱ्यावर आणावें लागे. अमेरिकेकडे जातांना वारा समोरून येई, त्यामुळें इंधन पुरेल कीं नाहीं याची चिंता नेहमींचीच. हवा अनुकूल होईपर्यंत तासन्‌तास खोळंबून राहावें लागे. तात्पर्य, येथील उपाहारगृह हें घाईचें नव्हे, तर प्रतीक्षेचें स्थान होतें.

दुसऱ्या महायुद्धांत आयर्लंड तटस्थ राहिलें. १९२२ सालीं स्वराज्य मिळालेल्या या राष्ट्राची जी कांहीं ओळख कित्येक प्रवाशांस घडे, ती या एका दालनांतच. १९४३ सालीं तेथील व्यवस्था ब्रेंडन ओरेगन या तरुणाकडे आली. जो शेरिडन हा त्याचा मुख्य आचारी. त्याच वर्षींच्या हिवाळ्यांत न्यूफाउंडलंडकडे निघालेलें एक विमान खराब हवेमुळें कांहीं तासांनीं माघारी फिरलें. बिनतारी वर्दी येतांच घरीं गेलेले नोकर पुन्हा बोलावण्यांत आले. उतारू गारठून गेले होते. शेरिडननें त्यांच्या कॉफींत थोडी आयरिश व्हिस्की मिसळली. ही कॉफी ब्राझीलची काय, असें एकानें विचारलें, तेव्हां ‘नाहीं, आयरिश’ असें उत्तर मिळालें, अशी आख्यायिका आहे.

मद्याविषयीं वाचकांचें मत कांहींहि असो, या उत्तरांतील मर्म लक्षांत घेण्याजोगें आहे. आयर्लंडच्या भूमींत कॉफीचें एक बीहि पिकत नाहीं. तिला आयरिश म्हणवून घेण्याचा अधिकार मिळाला तो मुख्यतः अवेळीं पुन्हा चूल पेटविणाऱ्या माणसांमुळें.

१९४५ सालीं फॉइन्सचा तळ बंद झाला आणि ही वाहतूक नदीपलीकडील शॅनन विमानतळावर गेली. तेथें १९४७ सालीं ओरेगननें जगांतील पहिलें करमुक्त विमानतळ-दुकान उघडलें. पुढें जेट विमानें आलीं व वाटेंत उतरण्याचें कारणच उरलें नाहीं. फॉइन्सच्या जुन्या इमारतींत आतां त्या विमानांचें संग्रहालय आहे.

आजचा प्रवासीहि तपासणीच्या रांगा ओलांडून विमानाची वाट पाहत बसतोच. कॉफी त्याला मिळते. बहुधा फॉइन्सपेक्षां लवकरहि मिळते. परंतु विमान माघारी फिरल्याची वर्दी ऐकून ज्यानें आपल्यासाठीं अंथरूण सोडावें, असा यजमान तेथें विरळा. यंत्रांनीं आपला वेळ वांचविला हें खरें. तो वांचलेला वेळ परक्याची विचारपूस करण्याच्या कामीं आपण लाविला काय, हा प्रश्न मात्र आम्हांस अद्याप सुटलेला दिसत नाहीं.