सोप्या क्रियापदांची अवघड गोष्ट

इंग्रजीच्या तासाला एक गंमत नेहमी घडते. ‘पोस्टपोन’ म्हणजे पुढे ढकलणे, हा भारदस्त शब्द मुलगा एकदा घोकतो आणि तो त्याच्या लक्षात राहतो. पण तोच अर्थ ‘पुट ऑफ’ अशा दोन चिमुकल्या शब्दांत आला की गाडी अडते. ‘पुट’ म्हणजे ठेवणे, हे त्याला पहिल्या पुस्तकापासून ठाऊक. मग काय ठेवायचे आणि कुठे ठेवायचे, हेच तो शोधत बसतो. मास्तर म्हणतात, “अरे, इतकं सोपं येत नाही?” मुलगा मान खाली घालतो. त्याला वाटते, इंग्रजी आपल्या नशिबातच नाही.

शिक्षकबंधूंनो, दोष मुलाचा नाही. हे सोपे शब्दच खरे अवघड आहेत, आणि त्याचे कारण इंग्लंडच्या इतिहासात आहे.

इ.स. 865 साली डेन लोकांची मोठी फौज इंग्लंडात उतरली. पुढे त्यांतले पुष्कळजण उत्तरेकडे आणि पूर्वेकडे जमिनी कसून तिथेच राहिले. दोघांच्या भाषा तशा बहिणी-बहिणीच. शेजारपाजारच्या बोलण्यात शब्दांची उसनवारी सुरू झाली. इंग्रज पूर्वी ‘घेणे’ याला ‘निमन’ म्हणत; तो शब्द मागे पडला आणि पाहुण्यांचा ‘टेक’ घरचा झाला. ‘गेट’ही त्यांच्याचकडून आला.

मग 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. दरबारात फ्रेंच आली, विद्वानांची लॅटिन होतीच. इंग्रजी राहिली शेतात, बाजारात आणि चुलीपाशी. कोर्टात आपल्या बाजूने काय बोलतात नि विरुद्ध काय बोलतात, हे गरीब पक्षकाराला कळेना. अखेर 1362 साली कायदा झाला की, कोर्टातले वादविवाद इंग्रजीत चालावेत. आणि नवल असे की, तो कायदासुद्धा फ्रेंचमध्येच लिहिलेला होता!

अशा रीतीने इंग्रजी भाषेचे घर दुमजली झाले. माडीवर लॅटिन-फ्रेंच घराण्यातले शब्द: एक्स्टिंग्विश, सरेंडर, टॉलरेट. खाली ओसरीवर त्याच अर्थाचे घरगुती शब्द: ‘पुट आउट’ म्हणजे विझवणे, ‘गिव्ह अप’ म्हणजे हार मानणे, ‘पुट अप विथ’ म्हणजे सोसणे. मूठभर क्रियापदे, त्यांना अप, आउट, ऑफ अशी शेपटी जोडायची, की नवा अर्थ तयार!

डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 साली आपला प्रसिद्ध कोश काढला. परक्यांना सर्वांत जास्त हेच प्रयोग अडतात, असे त्यांनी प्रस्तावनेत नमूद केले आणि ते मुद्दाम काळजीने गोळा केले. तेव्हा आपला विद्यार्थी जिथे अडखळतो, ती जागा त्या पंडितानेही ओळखली होती, बरं का!

आपल्याला तर ही रीत नवी नाही. संस्कृतात ‘हृ’ हा एकच धातू. त्याला पुढून उपसर्ग लागला की प्रहार, आहार, विहार, संहार असे निरनिराळे अर्थ होतात. इंग्रजीत तसलाच शब्द बहुधा मागून लागतो, एवढाच फरक. आणि आपली मराठी? आपण भाकरी खातो, मार खातो, हवा खातो. कुणी पैसे खातो, तर कुणी भाव खातो! परभाषिकाने कोशात ‘खाणे’ पाहिले, तर तो बिचारा भाव कशाशी खातात, असेच विचारील.

म्हणून, गुरुजी, ‘पुट आउट’ फळ्यावर सुटे लिहू नका. दिवा विझवून दाखवा, आणि मुलाकडून पूर्ण वाक्य म्हणून घ्या. त्याआधी त्याला ‘खाणे’चे पाच अर्थ विचारा. ते तो घडाघडा सांगेल. ज्याला आपल्या भाषेतली ही किमया जन्मतः साधली आहे, त्याला दुसऱ्या भाषेतली साधणार नाही, असे कोण म्हणेल?