पाटी, पॅनकेक आणि गव्हाळ रंग

जून २०२० मधली एक सकाळ. कोविडमुळे माझे ऑफिस आणि मुलीची शाळा, दोन्ही आमच्या मिसिसागाच्या घरातल्या डायनिंग टेबलावर येऊन बसले होते. मी पॅनकेक करायला घेतले, तेवढ्यात बारा वर्षांची आमची कन्या खोका हातात घेऊन म्हणाली, “बाबा, या बाईचं चित्र आता काढून टाकणार आहेत, माहितेय?”

माहीत नव्हते. ‘आँट जेमायमा’चा तो खोका मी मास्टर्स करत होतो तेव्हापासून घेत आलो होतो. ती बाई कोण, हा प्रश्न इतक्या वर्षांत कधी पडला नव्हता. त्या दिवशी मीटिंगा संपल्यावर वाचत बसलो.

अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या सेंट जोसेफ गावात १८८९ मध्ये हे पीठ निघाले. गोरे नट तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करत, तशा खेळांतल्या एका गाण्यावरून नाव उचलले. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात गुलामगिरीत जन्मलेल्या नॅन्सी ग्रीन या बाईंना ‘जेमायमा’ बनवून उभे केले. मंडळी, हे तेच प्रदर्शन, ज्याच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले! एकाच प्रदर्शनातल्या या दोन गोष्टी. एक आपल्याला तोंडपाठ, दुसरी स्वयंपाकघरात असूनही ठाऊक नाही. पुढे १९८९ मध्ये जेमायमाच्या डोक्यावरचा फडका गेला, कानांत मोती आले. पण नाव आणि चेहरा काढायचे क्वेकर कंपनीने ठरवले ते १७ जून २०२० रोजी, जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर लोक रस्त्यावर उतरले तेव्हा. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘पर्ल मिलिंग कंपनी’ हे नवे नाव जाहीर झाले.

“हे सगळं अमेरिकेत, आपल्याकडे नाही,” असे म्हणायची आपल्याला कॅनडात सवय असते. पण आपल्या ऑन्टॅरिओतही काही किनाऱ्यांवर आणि हॉटेलांत ज्यूंना प्रवेश नसल्याच्या पाट्या उघड लागलेल्या असत. वंश किंवा धर्मावरून भेदभाव दाखवणाऱ्या अशा पाट्या आणि सूचनांवर बंदी घालणारा कायदा इथे १९४४ मध्ये झाला. कॅनडातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा. तोही आपोआप झाला नाही. ज्यू आणि कामगार संघटनांनी पाठपुरावा केला होता.

पाटी कायद्याने उतरवता येते. पण खोक्यावरच्या हसऱ्या चित्राचे काय? ते कोणाला ‘आत येऊ नको’ म्हणत नाही, फक्त त्याची पायरी दाखवते. तिथे गिऱ्हाईकच बोलावे लागते. इथल्या जाहिरात क्षेत्राने १९६३ मध्ये स्वतःसाठी एक आचारसंहिता केली. आज ‘अ‍ॅड स्टँडर्ड्स’ ही संस्था ती चालवते आणि तुमच्या-माझ्यासारखा कोणीही तिच्याकडे तक्रार करू शकतो.

अर्थात लोकांची प्रतिक्रिया एकसुरी नसते. जानेवारी २०१८ मध्ये एच अँड एम कंपनीच्या जाहिरातीत एका कृष्णवर्णीय मुलाच्या अंगात ‘जंगलातलं सर्वांत भारी माकड’ अशा अर्थाच्या ओळीचा हुडी होता. आपल्या टोरोंटोचा गायक ‘द वीकेंड’ याने कंपनीशी संबंध तोडले. दक्षिण आफ्रिकेत दुकानांची मोडतोड झाली. कंपनीने माफी मागून जाहिरात आणि हुडी दोन्ही मागे घेतले. आणि त्या मुलाची आई? तिला त्यात काहीच वावगे वाटले नव्हते! दुखावले कोणी जायचे, हे ठरवणे सोपे नाही.

इथपर्यंत मी निवांत होतो. आरोपीच्या पिंजऱ्यात दुसरेच कोणीतरी होते ना! आठवड्याभरात कन्या दुसरी वस्तू घेऊन आली. ती न्हाणीघरातल्या कपाटातली होती. माझ्या आईने मागच्या भेटीत, इथल्याच देशी दुकानातून, नातीसाठी घेतलेली ‘फेअर अँड लव्हली’ची ट्यूब. “याचंही नाव बदलतायत. आजीने माझ्यासाठीच का आणली होती?”

हिंदुस्थान लिव्हरने हे क्रीम भारतात १९७५ मध्ये आणले. सावळी मुलगी, चिंतेत वडील, मग ट्यूब, मग हवाई सुंदरीची नोकरी. ती जाहिरात तुम्हाला आठवत असेल. बृंदा करात सरचिटणीस असलेल्या अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने २००२ मध्ये तक्रार केली. प्रकरण मानवी हक्क आयोग आणि माहिती व प्रसारण मंत्रालयापर्यंत गेले, आणि २००३ मध्ये कंपनीला जाहिराती थांबवाव्या लागल्या. क्रीम चालूच राहिले. २०१४ मध्ये मुंबईच्या जाहिरात मानक परिषदेने सांगितले की सावळी माणसे दुःखी किंवा मागे पडलेली दाखवू नका. शेवटी २५ जून २०२० रोजी ‘फेअर’ शब्द काढायची घोषणा झाली आणि २ जुलैला ‘ग्लो अँड लव्हली’ नाव ठरले. पहिल्या माघारीपासून नुसता शब्द निघायला सतरा वर्षे!

त्याच महिन्यात शादी डॉट कॉमवर वर्णानुसार स्थळे गाळायची सोय होती, तिच्याविरुद्ध उत्तर अमेरिकेतल्या आपल्याच मुलींनी अर्ज केला. १४ तासांत दीड हजारांवर सह्या झाल्या. कंपनीने सोय काढली आणि ती चुकून राहिलेला जुना अवशेष असल्याचे सांगितले. मी गेली वीस वर्षे सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. असा रकाना आपोआप उगवत नाही. कोणीतरी तो मागतो, कोणीतरी लिहितो, कोणीतरी तपासून सही करतो. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, कोणीतरी तो भरतो.

तो भरणाऱ्यांत मीही होतो. २००६ मध्ये एका विवाह मंडळाच्या फॉर्मवर माझ्या वडिलांनी लिहिले होते, “अपेक्षा : गोरी, सुशिक्षित.” मी ते वाचून सही केली. माझी बायको सावळी आहे. तिच्या आईने तिच्या फॉर्मवर ‘गव्हाळ’ लिहिले होते. गव्हाळ हा शब्द आपल्या लोकांनी अशा फॉर्मसाठीच राखून ठेवला असावा. सावळ्या विठोबापुढे रांगा लावणारे आपण, सून मात्र ट्यूबवरच्या चित्रासारखी शोधतो. लेक आईच्या वळणावर गेली आहे, म्हणून ट्यूब तिच्यासाठी आली.

हे सगळे मी तिला त्या संध्याकाळी सांगितले. तिने एवढेच विचारले, “मग आईचा फॉर्म खरा असता, तर तू फोन केला असतास का?” मला पटकन ‘हो’ म्हणता आले नाही. बायको सिंकपाशी भांडी घासत होती. तिने मागे वळून पाहिले नाही.

गेल्या वर्षी पुण्याच्या चुलतभावाने मुलीचा बायोडाटा नीट करून द्यायला पाठवला. तिसरी ओळ होती, “वर्ण : गव्हाळ.” मी फोन केला. तो म्हणाला, “राहू दे रे, नसली तर लोक विचारतात.” मी म्हटले, विचारू देत. ती ओळ काढून मी फाइल परत पाठवली. त्याने ती पुन्हा घातली की नाही, हे मी अजून विचारलेले नाही.