बँक ऑफ बाँबेचे दिवाळे

मुंबई इलाख्यातील पहिल्या इलाखा बँकेचा १८६८ मध्ये झालेला शेवट. कंपनीचा पैसा ती चालविणाऱ्यांच्या निकटवर्तीयांकडे कर्जाऊ जावा आणि भागधारकांना त्याची वार्ता सर्वांत शेवटी कळावी, या दोषाचे भारताच्या वित्तीय इतिहासातील हे एक जुने व ठळक उदाहरण होय.

ही बँक १८४० मध्ये सुरू झाली. तिचे भांडवल ५२·२५ लाख रु. होते. त्यात सरकारचेही भाग असून काही संचालक सरकारनियुक्त असत. आरंभीच्या सनदेने कर्जाची रक्कम, मुदत व तारण यांवर कडक मर्यादा घातल्या होत्या. १८६३ च्या अधिनियमाने त्या सैल झाल्या व कंपन्यांच्या भागांच्या तारणावर कर्ज देण्यास मोकळीक मिळाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाचे भाव चढून मुंबईत पैशाचा पूर आला होता. समुद्र हटवून जमीन मिळविण्याच्या कंपन्या व नव्या वित्तसंस्था यांच्या भागांवर सट्टा चालू होता. भाग तारण ठेवून कर्ज घ्यावे, त्यातून आणखी भाग घ्यावेत आणि चढलेल्या भावावर पुन्हा कर्ज काढावे, असे चक्र सुरू झाले. प्रसिद्ध दलाल प्रेमचंद रायचंद यांना व त्यांच्या शिफारशीने इतरांना बँकेने मोठमोठी कर्जे दिली. कर्ज देण्याचा अधिकार व्यवहारतः सचिवाच्या हाती गेला आणि संचालकांनी देखरेखीचे कर्तव्य पाळले नाही. याच काळात भांडवल २·०९ कोटी रुपयांपर्यंत वाढविण्यात आले. युद्ध संपताच कापसाचे व भागांचे भाव कोसळले, तारण कवडीमोल ठरले आणि भांडवलाचा फार मोठा भाग बुडाला. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने सैल कायदा, सचिवांकडून झालेला अधिकारांचा दुरुपयोग व संचालकांची हयगय यांवर ठपका ठेवला. त्याच नावाची नवी बँक १८६८ मध्ये स्थापन झाली. ती १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत विलीन झाली.

अशा कर्जांचा नव्या भागविक्रीशी निकटचा संबंध असतो. कर्जे बुडून कंपनी खिळखिळी झाली, की नवे भांडवल लागते. नवे भाग मर्जीतील व्यक्तींना स्वस्तात दिल्यास जुन्या भागधारकाच्या हातातील भागांची संख्या कायम राहते. परंतु मालकी, लाभांश व मताधिकार यांतील त्याचा वाटा घटतो. म्हणजे पहिल्या नुकसानीची भरपाईही त्यालाच करावी लागते.

कायद्याने या दोन्ही वाटा हळूहळू रोखल्या. १९३६ च्या दुरुस्तीने सार्वजनिक कंपनीने संचालकांना कर्ज देण्यास बंदी केली व नवे भाग प्रथम विद्यमान भागधारकांना त्यांच्या प्रमाणात देऊ करण्याचा नियम घातला. बँकिंग कंपन्या मात्र या कर्जबंदीतून वगळल्या होत्या. त्यांच्या संचालकांना द्यावयाच्या कर्जांवर १९४९ च्या अधिनियमाने निर्बंध घातले व १९६८ च्या दुरुस्तीने ते अधिक कडक केले. कंपनी अधिनियम, १९५६ ने संचालकांनी आपला हितसंबंध मंडळापुढे उघड करणे बंधनकारक केले. ही तत्त्वे २०१३ च्या अधिनियमातही कायम आहेत. तथापि बँक ऑफ बाँबेतही संचालक मंडळ, सरकारचे प्रतिनिधी व सनद ही सर्व साधने होती. हिशेब वेळीच भागधारकांपुढे आले नाहीत, तर नियम केवळ नुकसानीनंतरच्या चौकशीस उपयोगी पडतात, हा या प्रकरणाचा बोध होय.