कोल्हापूर प्रकरण आणि वेडाची कारणमीमांसा

विलेपार्ले येथे १९२३ साली लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला, आणि तेथील टिळक मंदिराने लोकमान्यांची स्मृती उपनगरात आजवर जागती ठेवली आहे. टिळकांचा पहिला तुरुंगवास मात्र एका तरुण राजाच्या वेडाच्या प्रश्नावरून घडला. या प्रकरणाचा विचार बहुधा वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या इतिहासात होतो. मनोविकारविषयक विचाराच्या इतिहासातही त्यास स्थान असावयास हवे.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम १८७० साली फ्लॉरेन्स येथे निवर्तले. त्यांच्यामागून १८७१ मध्ये दत्तक घेतलेले चौथे शिवाजी तेव्हा आठ वर्षांचे होते. जन्मघर सुटले, शिक्षण आणि दिनक्रम परक्यांच्या हाती गेला, आणि वयात येता येता त्यांस वेड लागल्याचे कारभाऱ्यांकडून सांगण्यात येऊ लागले. ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी १८८१ मध्ये निराळे म्हणणे मांडले: राजांची ही अवस्था छळामुळे झाली आहे, आणि दोष दिवाण माधवराव बर्वे यांच्याकडे जातो. बर्वे यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली. ज्या पत्रांवर आरोप उभा होता ती बनावट ठरली आणि जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकी एकशे एक दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. (नायकाचे वेड खरे की सोंग, हा पेच असलेल्या ‘हॅम्लेट’चे भाषांतर आगरकरांनी तेथेच हाती घ्यावे, हा योगायोग मोठा विलक्षण.)

वादाचे दोन्ही पक्ष एकच गोष्ट गृहीत धरीत होते: वेड एक तर मूळचे असते, नाही तर कोणीतरी लावलेले असते. मराठी भाषा इतकी काटेकोर नाही. वेड ‘लागते’, जसे भूत लागते, दृष्ट लागते. म्हणजे ते बाहेरून येते. त्याच वेळी ‘त्यांच्या घराण्यातच वेड आहे’ असेही म्हटले जाते. एकाच माणसाविषयी दोन्ही प्रयोग करताना बोलणारा अडखळत नाही.

शास्त्रास येथवर येण्यास बराच काळ लागला. ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये ‘स्किझोफ्रेनिया’, म्हणजे छिन्नमनस्कता, हे नाव दिल्यानंतर पुढील अर्धशतक एक पक्ष रक्ताकडे बोट दाखवीत राहिला आणि दुसरा आईच्या वागणुकीकडे. या दुसऱ्या पक्षाने कित्येक निरपराध मातांस अपराधी ठरविले. पॉल मील यांनी १९६२ मध्ये प्रतिपादिले की, वारशाने येते ती केवळ प्रवणता होय, रोग नव्हे. झुबिन व स्प्रिंग यांनी १९७७ मध्ये या विचारास व्यापक रूप दिले: प्रवणता जितकी अधिक, तितका थोडा ताणही पुरतो. एकबीज जुळ्यांपैकी एकास विकार झाला तरी दुसऱ्यास तो होण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपासच राहते. रक्तच सर्वस्व असते तर ते शंभर टक्के असते. फिनलंडमध्ये टिएनारी यांनी दत्तक मुलांचा दीर्घकाळ अभ्यास केला. जन्मदात्या आईस हा विकार असलेली मुले विस्कळीत घरात वाढली तर त्यांच्यात या जातीचे विकार अधिक आढळले, स्वस्थ घरात कमी. जन्मजात धोका नसलेल्या मुलांवर घराचा तसा परिणाम दिसला नाही.

चौथ्या शिवाजींस छिन्नमनस्कताच होती असे इतक्या वर्षांनी ठरविणे धाडसाचे होईल. परंतु एवढे म्हणता येते की, राजे खरोखर आजारी असते तरी त्यांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न निकालात निघत नव्हता; उलट दुबळ्या मनास ती अधिक बाधली असती. आजार सिद्ध झाला की पालक निर्दोष, हे समीकरणच चुकीचे होते. न्यायालयात तो विषय नव्हता. तेथे कसोटी पत्रांची होती, आणि पत्रे खोटी ठरताच राजांच्या सांभाळाविषयीचा मूळ प्रश्नही मागे पडला. पुढे त्यांस अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) किल्ल्यात ठेवण्यात आले. २५ डिसेंबर १८८३ रोजी पहाऱ्यावरील एका गोऱ्या सैनिकाशी झालेल्या झटापटीत ते मरण पावले. त्यांचे वय वीस वर्षांचे होते.