नावालाच बंदी

गश्ती निशाण 53. मराठवाड्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना हे शब्द तोंडपाठ होते. गश्ती म्हणजे परिपत्रक, निशाण म्हणजे क्रमांक. सरकारच्या आगाऊ परवानगीशिवाय जाहीर सभा भरवायची नाही, हे त्याचे सार. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मग संस्थानातल्या प्रजेच्या राजकीय परिषदा भरल्या कुठे? 1923 मध्ये काकीनाड्याला, 1926 मध्ये मुंबईला, 1928 मध्ये पुण्याला आणि 1931 मध्ये अकोल्याला. चारही गावे हद्दीबाहेरची. गाऱ्हाणे घरचे, पण ते मांडायचे शेजाऱ्याच्या ओसरीवर!

शेजारी तर वणवा पेटला होता. मिठाचा सत्याग्रह होऊन गेला होता आणि 1937 मध्ये मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. आष्टीकडून नगर जिल्ह्यात पाऊल टाकावे तर तिथे काँग्रेस म्हणजेच सरकार, आणि मागे वळावे तर साध्या सभेलाही परवानगी हवी. ही ठिणगी आपल्याकडे उडू नये, याची निजाम सरकारला धास्ती होती.

1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन करण्याची तयारी सुरू झाली. मागणी काय, तर निजामाच्या छत्राखालीच जबाबदार राज्यपद्धती. सर अकबर हैदरी तेव्हा संस्थानच्या कारभाराचे प्रमुख होते. त्यांच्या सरकारने सप्टेंबरमध्ये, म्हणजे संघटनेची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच, तिच्यावर बंदी घातली. जन्माआधीच मृत्यूचा दाखला! आक्षेप दोन: ही संघटना जातीय आहे आणि तिचे लागेबांधे बाहेरच्या संस्थेशी आहेत.

हा ‘बाहेरच्या’चा बागुलबुवा एकट्या हैदराबादचा नव्हता. चीनमधल्या क्रांतीचे लोण मलायातल्या चिन्यांत पसरेल, या भीतीने इंग्रज गव्हर्नर क्लेमेंटी यांनी 1930 मध्ये तिथल्या कुओमिंतांग पक्षावर बडगा उगारला. पुढे तडजोड झाली, ती अशी की एखाद्याने खुशाल सभासद असावे, पण शाखा काढू नये. मात्र कुओमिंतांग निदान दुसऱ्या देशाचा पक्ष होता. हैदराबादेत बाहेरचे ठरले ते इथलेच लोक.

मला यातली खरी गंमत वाटते ती निराळीच. त्याच वर्षी फेब्रुवारीत हरिपुरा अधिवेशनात काँग्रेसने संस्थानी प्रजेला सांगितले होते की तुमचा लढा तुम्हीच लढा, आमच्या नावाने लढू नका. म्हणजे ज्या संस्थेचे हस्तक म्हणून इथले लोक तुरुंगात गेले, ती संस्थाच हात राखून होती.

स्वामी रामानंद तीर्थांचेच पाहा. शिक्षण सोलापूर, अमळनेर, पुणे इथले. पण काम उभे राहिले ते हिप्परग्याच्या आणि मग अंबाजोगाईच्या शाळेत. अंबाजोगाईचे त्या काळचे सरकारी नाव मोमिनाबाद. तिथे पूर्वी हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती आणि तिच्यावर अंमल इंग्रज अधिकाऱ्यांचा. बाहेरची फौज सरकारला चालली, मास्तर चालला नाही!

ऑक्टोबर 1938 मध्ये गोविंदराव नानल यांच्या तुकडीने सत्याग्रहाला आरंभ केला. काही दिवसांत स्वामीजीही पकडले गेले. डिसेंबरात गांधीजींच्या सल्ल्याने सत्याग्रह थांबला, बंदी मात्र उठली नाही. ‘काँग्रेस’ हे नाव बदलण्याविषयी बोलणी झाली, तीही फिसकटली. बंदी उठली ती थेट जुलै 1946 मध्ये.

वर्षभरात पुन्हा धरपकड सुरू झाली. 15 ऑगस्ट 1947 ला स्वामीजींना अटक झाली. उरलेल्या कार्यकर्त्यांनी सरहद्द ओलांडून नगर, सोलापूर, बुलढाणा या जिल्ह्यांत तळ उभारले. बाहेरचे म्हणून हिणवलेले हे लोक आता खरोखरच बाहेरून लढू लागले. 17 सप्टेंबर 1948 नंतर ते आपापल्या गावी परतले.