मानमोडीची अक्षयनीवी

जुन्नर शहराच्या दक्षिणेस मानमोडीचा डोंगर आहे. त्याच्या कड्यात, अंबा-अंबिका या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेण्यांपाशी चढून गेले म्हणजे एक अपुरे राहिलेले चैत्यगृह लागते. आणि ज्या भिंतीवर पाथरवटाची छिन्नी आपले काम शेवटास नेऊ शकली नाही, त्याच भिंतीवर, सुमारे अठराशे वर्षांपूर्वी, काही श्रद्धावान माणसांनी आपल्या देणग्यांचे दस्तऐवज ब्राह्मी अक्षरांत कोरवून ठेविले आहेत. लेण्याद्रीच्या गणपतीस जाणारी यात्रा इकडे सहसा वळत नाही. परंतु ज्ञानमार्गाला वाहिलेल्या माणसाचा योगक्षेम समाजाने कसा चालवावा, या प्रश्नाचे इतके जुने आणि इतके व्यवहारी उत्तर मला दुसरीकडे क्वचितच वाचावयास मिळाले.

त्यांतील एका लेखात अडुथुम नावाचा शक उपासक वडालिका गावातील वीस निवर्तने जमिनीचे उत्पन्न करंजाच्या झाडांसाठी आणि कटपुतक गावातील नऊ निवर्तनांचे वडाच्या झाडांसाठी एका श्रेणीच्या, म्हणजे व्यावसायिकांच्या संघाच्या, हवाली करतो. दुसऱ्या लेखात बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेविलेल्या ठेवींचा दरमहाचा आकार नोंदलेला आहे. जुन्नरच्याच इतर लेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी देते, इरिल नावाचा यवन दोन पोढ्या देतो, आणि लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याच्या नावावर आहे. शक, यवन, वाणी, बुरूड, कासार असे नाना जातींचे व नाना देशींचे लोक एका कार्यात भागीदार झाले होते, ही गोष्ट मला त्या कोरीव कामापेक्षाही अधिक मोलाची वाटते.

अशा ठेवींची वहिवाट कशी असे, ते नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखावरून लख्ख कळते. हा क्षत्रप नहपानाचा जावई. त्याच नहपानाच्या अयम नावाच्या अमात्याने, 46 हे वर्ष घातलेल्या लेखानुसार, मानमोडीस पोढी व मंडप करविला. उषवदाताने तीन हजार कार्षापण नाण्यांची अक्षयनीवी केली, म्हणजे कधीही न सरणारे मुद्दल बांधून दिले. त्यांतील दोन हजार एका कोष्टी श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने, आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत मागावयाचे नाही, व्याज तेवढे भोगावयाचे, असा स्पष्ट करार. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते. आणि वर्षावासास राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे म्हटले म्हणजे हिशेब पैशाला पैसा जुळतो. दाता मेला, राज्य बुडाले, तरी पुढच्या पावसाळ्यात येणाऱ्या अनोळखी भिक्षूचे वस्त्र ठरलेलेच होते.

विद्येला पोसण्याची ही रीत कित्येक शतकांनीही दिसते: विद्वानांस द्यावयाची तळेगावच्या दाभाड्यांची श्रावणातील दक्षिणा पेशव्यांनी पुण्यास चालविली. ती केवळ ब्राह्मणांपुरती होती, हे तिचे मोठे वैगुण्य. तथापि इंग्रजी अमदानीत त्याच निधीतून 1821 साली विश्रामबागवाड्यात पाठशाळा निघाली, आणि कालांतराने न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर हे तरुण वयात दक्षिणा फेलो झाले.

आपल्या काळातील दाखला जुन्नर तालुक्यातच उभा आहे. 1961 साली परदेशात काम करणाऱ्या चार तरुण भारतीय रेडिओ-खगोलशास्त्रज्ञांनी, ज्यांत गोविंद स्वरूप एक होते, मायदेशी येऊन काम करण्याची इच्छा पत्राने कळविली. आणि 1962 च्या जानेवारीत होमी भाभांची होकाराची तार गेली. त्या तारेमागचा विश्वास पुढे दशकानुदशके टिकला, म्हणूनच 1984 मध्ये कल्पिलेली, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची दुर्बीण नारायणगावजवळ खोडदच्या माळावर उभी राहू शकली. ती राष्ट्राला अर्पण झाली 2001 मध्ये.

जनुकसंचाचा, म्हणजे जीनोमचा, अभ्यास करणाऱ्या आजच्या तरुणास असा दीर्घ श्वास मिळत नाही. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचले, इन्स्पायर योजना पाच वर्षे पोसते, अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचे नवोदितांसाठीचे अनुदान साठ लाखांपर्यंत, पण तीन वर्षांपुरते आहे, ही सर्व कामे स्तुत्यच आहेत. परंतु रक्ताची एक कुपी घेऊन तिच्यातील डीएनए वेगळा करावयाचा, उणे ऐंशी अंशांच्या शीतपेटीत तो वर्षानुवर्षे जपावयाचा, वाचलेल्या अब्जावधी अक्षरांचा अर्थ लावावयाचा, आणि त्याच माणसास दहा वर्षांनी पुन्हा भेटावयाचे, हे काम मंजुरीच्या मुदतीत बसत नाही. मुदत संपते, हप्ता अडतो, मदतनीस दुसरीकडे जातो. शीतपेटी मात्र एक रात्रही बंद ठेविता येत नाही.

या विद्येचे आपल्या मुलखास काय, असे कोणी विचारील, तर त्याने 2020 चा उन्हाळा आठवावा. जुन्नर, अकोले, संगमनेरकडचा टोमॅटो फळावर ठिपके व पिवळे पट्टे पडून वाया जाऊ लागला, तेव्हा रोगाचे नाव कळावे म्हणून नमुने बंगळूरच्या बागवानी संशोधन संस्थेकडे धाडावे लागले आणि तो काकडीवरील मोझॅकचा विषाणू असल्याचे तेथून कळले. उत्तर येईपर्यंत शेतकरी बांधावर उभा होता.

म्हणून माझी विनंती सरकारास नाही, ती जुन्या श्रेणींच्या आजच्या वारसांस आहे. धालेवाडीचा विघ्नहर साखर कारखाना, पारगावचा भीमाशंकर साखर कारखाना, नारायणगाव व मंचरच्या बाजारातील व्यापारी आणि या परिसरातील बागायतदार यांनी मिळून एक अक्षयनीवी बांधावी. मुद्दलास कोणीही हात लावू नये, आणि व्याजातून एका तरुण जनुकशास्त्रज्ञाचे वेतन व त्याच्या शीतपेटीचे वीजबिल, एवढे दोन खर्च निरंतर भागवावेत.